याकानाचा काळोख पडद्यावर कसा आणायचा

प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या विश्वकल्पनेवर बारा मिनिटांचं व्हिडिओ मांडणीशिल्प करायचं आहे. हाताशी एक खोली आणि एक प्रोजेक्टर. विषय म्हणून अँडीज पर्वतातल्या लोकांना आकाशात दिसणारी 'याकाना' ही लामा (उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी) निवडली आहे. चाचणीत लामाची बाह्यरेषा काढली की ती कार्टूनसारखी दिसते, आणि रेषा काढून टाकली की पडद्यावर नुसता करडा धूसरपणा उरतो. चुकतंय कुठे?

दोन्ही बिघाडांचं मूळ एकच आहे. ही लामा ताऱ्यांची नाही, काळोखाची आहे. आपल्याला नक्षत्र म्हटलं की ठिपके जोडायची सवय. केचुआ ही अँडीजमधली मूळ भाषा बोलणारे लोक आकाशगंगेला 'मायु' म्हणजे नदी म्हणतात (आपल्याकडेही ती गंगाच आहे), आणि त्या उजळ नदीत धुळीच्या ढगांमुळे जे काळे डाग दिसतात, त्यांत त्यांना प्राणी दिसतात: साप, बेडूक, तित्तिरासारखा 'युतु' पक्षी, लामा, तिचं पिल्लू, कोल्हा. या काळ्या आकृत्यांना 'याना फुयु', काळे ढग, म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ गॅरी अर्टन यांनी 1970च्या दशकात पेरूमधल्या कुस्कोजवळच्या मिस्मिनाय गावात काम करताना एक फरक नोंदवला. तारे जोडून होणाऱ्या आकृत्या तिथे बहुतेक निर्जीव वस्तूंच्या असतात, क्रूस किंवा कोठारासारख्या. सजीव असतात त्या काळ्या. तुम्ही लामाभोवती उजळ रेषा ओढता तेव्हा तिला सजीवांतून उचलून वस्तूंच्या रांगेत बसवता. कार्टून वाटतं ते म्हणूनच. चित्रकला कच्ची आहे म्हणून नव्हे.

आधी गोष्ट नीट घ्या. तिचा मुख्य आधार म्हणजे 1608च्या सुमाराचं केचुआ भाषेतलं उआरोचिरी हस्तलिखित. फ्रान्सिस्को दे आविला या पाद्र्याने स्थानिक श्रद्धा उखडून काढण्याच्या मोहिमेत ते जमवलं, आणि आज ते माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. उआरोचिरी हा लिमाच्या वरच्या अंगाचा, पॅसिफिककडे उतरणारा डोंगराळ प्रदेश. तिथल्या कथनात 'याकाना' ही काळी लामा आकाशातल्या नदीच्या मधोमध चालते. तिला दोन डोळे आहेत, मान लांब आहे, पिल्लू तिचं दूध पितं. तिच्या पुढे युतु नावाचा छोटा काळा डाग चालतो. मध्यरात्री, कोणाच्या लक्षात न येता, ती समुद्राचं पाणी पिऊन टाकते. नाही प्यायली तर सगळं जग बुडेल.

आता हे आजच्या आकाशात बसवू. लामाचे डोळे म्हणजे आपले मित्र आणि मित्रक, नरतुरंगातले दोन ठळक तारे. युतु म्हणजे त्रिशंकूला लागून असलेला गडद डाग. लामाचं अंग तिथून वृश्चिकाच्या शेपटीच्या सुरुवातीपर्यंत जातं. डोळ्यांपासून शेपटापर्यंत सुमारे 35 अंश, युतु धरला तर 45च्या थोडं वर. हाताची पसरलेली वीत साधारण 20 अंश व्यापते, यावरून आकाराचा अंदाज येईल. ही आकृती प्रचंड आहे, आणि छोट्या चौकटीत तिचा जीव जातो.

एक सावधगिरी इथेच. 'दक्षिण अमेरिकन पुराणकथा' अशी एक गोष्ट अस्तित्वात नाही. याच काळ्या पट्ट्यात ब्राझीलमधल्या तुपी-ग्वारानी लोकांना लामा नव्हे, 'एमा' म्हणजे रिआ हा शहामृगासारखा पक्षी दिसतो, आणि त्याचं डोकं त्रिशंकूजवळच्या त्याच डागात आहे. त्यामुळे अँडीजची लामा, ॲमेझॉनची नक्षी आणि मेक्सिकोचा पिसांचा साप एका पडद्यावर आणू नका. मेक्सिको तर दक्षिण अमेरिकेत नाहीच. वरचं जग, हे जग आणि खालचं जग असे तीन मजले दाखवून गिधाड, प्यूमा, साप मांडण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण त्या मांडणीवर मिशनऱ्यांच्या स्वर्ग-पृथ्वी-नरकाची छाया आहे. याकानासाठी तिची गरजही नाही.

खऱ्या आकाशाचं चित्रीकरण करायचं की ते संगणकावर घडवायचं, म्हणजे रेंडर करायचं? बहुतेक जण टाइमलॅप्सकडे, म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेले फोटो जोडून केलेल्या चित्रफितीकडे धावतात. 24 मिमी लेन्स, एफ 1.8, आयएसओ 3200, 12 ते 15 सेकंदांचं एक्सपोजर, 16 सेकंदांचा मध्यांतर. चार तासांत 900 फ्रेम होतात आणि 25 फ्रेमच्या गतीने त्यांचे 36 सेकंद. म्हणजे आकाश 400 पट वेगाने फिरतं आणि लामा जत्रेतल्या पाळण्यासारखी गरगरते. जी कोणाच्या लक्षात न येता पाणी पिते, तिला हा वेग मारक आहे. गती कमी करायला फ्रेम वाढवाव्या लागतात, आणि 12 सेकंदांच्या एक्सपोजरने ते शक्य नाही. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरकडून भरून घेतल्या तर तारे लुकलुकतात आणि धुळीचा पोत चिखलासारखा होतो.

माझा सल्ला: आकाशाचा गोल रेंडर करा. नासाच्या दृश्यीकरण विभागाचे 2020चे तारानकाशे मोफत आहेत, विषुववृत्तीय निर्देशांकांत आहेत, आणि आकाशगंगेचा थर व ठळक ताऱ्यांचा थर त्यांत वेगवेगळा मिळतो. ही वेगळी थरांची सोय आपल्या कामासाठी फार मोलाची आहे. धुळीचा पोत फोटोसारखा हवा असेल तर युरोपियन दक्षिण वेधशाळेचं 2009चं 80 कोटी पिक्सेलचं आकाशगंगेचं पॅनोरमा आहे. नामनिर्देश करून वापरता येतं. मात्र ते आकाशगंगेच्या निर्देशांकांत असल्याने आधी फिरवून घ्यावं लागतं, आणि तारे वेगळे करायला स्टारनेटसारखं साधन लागतं.

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा नकाशा गोलाच्या आतल्या बाजूला चढवा. फिरण्याचा अक्ष क्षितिजाशी 13.5 अंशांवर ठेवा, दक्षिण टोक वर. कुस्कोचा अक्षांश तोच आहे. उआरोचिरी आणखी दीड अंश उत्तरेला आहे, तिथलं आकाश हवं असेल तर 12 ठेवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आकाश आरशासारखं उलटं होणं, कारण नकाशा गोलाच्या बाहेरून पाहिल्यासारखा चढतो. तपासणी सोपी आहे: दक्षिणेकडे तोंड करून त्रिशंकू उभा असताना मित्र आणि मित्रक त्याच्या डावीकडे दिसले पाहिजेत. उजवीकडे दिसले तर नकाशा आडवा उलटवा. ही चूक प्रदर्शनात पोहोचली तर अँडीजमधला कुठलाही गुराखी ती क्षणात ओळखेल.

वेळ निवडताना गणित मदतीला येतं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, क्षितिज सपाट धरलं तर, कुस्कोहून मित्र तारा मध्यरात्रीच्या आसपास दक्षिण-नैर्ऋत्येला मावळतो. त्याच दिवशी संध्याकाळी सातला पूर्ण अंधार असतो आणि लामा जवळजवळ उभी लटकलेली दिसते: डोळे सुमारे 34 अंशांवर, शेपूट 68 अंशांवर, युतु तिच्या खाली 22 अंशांवर. पुढच्या पाच तासांत ती डोकं खाली घालत क्षितिजाकडे येते. युतु तिच्या पावणेदोन तास आधी बुडतो, आणि डोकं क्षितिजाला टेकतं तेव्हा तिचं धड उजवीकडे तिरपं पसरलेलं असतं, शेपूट जेमतेम 13 अंशांवर. उआरोचिरीहून बघितलं तर त्या बाजूला समुद्रच आहे. हस्तलिखितातलं कथन नेमकं याच तारखेचं आहे असा दावा फलकावर करू नका. त्यात तारीख दिलेली नाही. पण पाणी पिण्याचा प्रसंग आकाशातल्या खऱ्या हालचालीवर उभा करता येतो आणि वेगळं ॲनिमेशन लागत नाही, ही फार मोठी देणगी आहे.

पाच तास बारा मिनिटांत म्हणजे 25 पट वेग. आभासी कॅमेऱ्याला 20 मिमी लेन्सइतका कोन द्या, आडवा 84 अंश. सुरुवातीला रोख दिगंश (उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला दिशेचा कोन) 202, उंची 45. शेवटी दिगंश 220, उंची 15. बारा मिनिटांत ही सरक कोणाला जाणवत नाही.

इथे एक किचकट अडचण येते. 25 पट वेगात 4के चौकटीवर तारा एका फ्रेममध्ये पिक्सेलच्या पाचव्या भागाइतकाही सरकत नाही, लामाच्या डोळ्यांजवळ तर दहाव्या भागाइतकाच. तारा एकाच पिक्सेलचा असेल तर तो एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारतो आणि सगळं आकाश वळवळल्यासारखं दिसतं. उपाय: 8केमध्ये रेंडर करून 4केवर आणा, आणि अंतिम चित्रात सर्वांत बारीक ताऱ्याचाही व्यास दोन पिक्सेलच्या खाली जाऊ देऊ नका. ठळक ताऱ्यांचा थर 40 ते 60 टक्क्यांवर उतरवा. तारे दबले की डोळा ठिपके जोडायचं सोडतो आणि मधला काळोख बघू लागतो. मित्र-मित्रक तेवढे पूर्ण तेजाने राहू द्या, ते तिचे डोळे आहेत.

रेंडर केलेल्या आकाशात हवा नसते, तीही घालावी लागते. 10 अंश उंचीवर प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या पाचपटीहून जास्त थरातून येतो. खालच्या 15 अंशांत तेज हळूहळू घटवणारा आणि किंचित तांबूस होणारा उतार द्या. त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत लामाचं तोंड कडेने विरत जमिनीच्या काळ्यात मिसळतं.

आता करड्या पडद्याकडे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त कमी प्रकाश टाकतो. आकडे बघा. 3000 लुमेनचा साधा डीएलपी प्रोजेक्टर 4 मीटर रुंद आणि 2.25 मीटर उंच पडद्यावर लावला तर पांढरा रंग सुमारे 333 लक्स पडतो. त्याचा मूळ कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याचं काळ्याशी गुणोत्तर, 1500:1 असेल तर काळा पडतो 0.22 लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर जवळपास एवढाच प्रकाश असतो. म्हणजे तुमचा 'काळा' हा पौर्णिमेचा उजेड आहे, आणि पौर्णिमेला याकाना खऱ्या आकाशातही दिसत नाही. खोक्यावर छापलेल्या लाखांच्या कॉन्ट्रास्टकडे लक्ष देऊ नका. तो दिवा मंद करून मोजलेला असतो, एकाच चौकटीतला नव्हे.

मार्ग तीन. सर्वांत चांगला म्हणजे एलकॉस प्रकारचा होम थिएटर प्रोजेक्टर भाड्याने घेणं. यातल्या चांगल्या मॉडेलचा मूळ कॉन्ट्रास्ट 40,000:1पर्यंत जातो. 1500 लुमेन टाकले तरी काळा 0.004 लक्सवर येतो, आणि तिथे काळोख खरोखर काळोख वाटतो. दुसरा मार्ग ओएलईडी पडदा: काळा परिपूर्ण, पण आकार छोटा आणि काचेत प्रेक्षकाचा चेहरा दिसतो. तिसरा, पैसे कमी असताना: आहे त्याच प्रोजेक्टरपुढे काचेचा एनडी 4 फिल्टर, म्हणजे चौथाईच प्रकाश जाऊ देणारी करडी काच. काळा आणि पांढरा दोन्ही चौथाईवर येतात. गुणोत्तर तेच राहतं, पण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला काळा स्वीकारता येतो. फिल्टर लेन्सला चिकटवू नका, थोडं अंतर ठेवा. प्लास्टिकची जेल शीट तर वापरूच नका, ती तापून वितळते.

खोलीचं काम प्रोजेक्टरइतकंच महत्त्वाचं आहे आणि नेहमी शेवटच्या दिवसावर ढकललं जातं. पडद्यावरचा प्रकाश पांढऱ्या छतावर, चकचकीत फरशीवर, समोरच्या भिंतीवर आदळून परत पडद्यावरच येतो आणि काळा धुऊन टाकतो. भिंती आणि छत मॅट काळे, फरशीवर गडद गालिचा. आत येण्यासाठी 3-4 मीटरची काटकोनात वळणारी काळी बोळ, कारण एकच पडदा लावला तर प्रत्येक येणाऱ्याबरोबर उजेड घुसतो. आपत्कालीन मार्गाची पाटी झाकायची नाही. तिचा प्रकाश पडद्यावर पडणार नाही अशी आडवी पट्टी लावा. डोळ्यांना पूर्ण अंधार सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि प्रेक्षक तेवढा थांबत नाही, म्हणून बोळीतच त्याचा वेग मंदावा अशी रचना करा. बाक पडद्यापासून 2.2 मीटरवर ठेवा. 4 मीटर रुंद चित्राचा 84 अंशांचा कोन तिथेच जुळतो आणि लामा खऱ्या आकाशाइतकीच मोठी दिसते.

पातळ्या संगणकाच्या पडद्यावर ठरवू नका, त्याच खोलीत ठरवा. 0 ते 5 टक्क्यांच्या सहा पट्ट्यांचं चाचणीचित्र लावा आणि कुठली पट्टी शून्यापासून वेगळी दिसते ते बघा. लामाचं अंग त्या पट्टीवर ठेवा, शून्यावर नव्हे. शून्यावर ठेवलं तर ती कातरून काढलेल्या भोकासारखी दिसते. धुळीचा ढग किंचित श्वास घेतो, त्यात फिकट-गडद असतं. मायुचा उजेड 12 ते 18 टक्क्यांच्या आसपास पुरतो. सगळं जुळूनही काळा अचानक करडा झाला किंवा लामा सपाट डाग झाली, तर प्लेअर आणि प्रोजेक्टरमधली व्हिडिओ रेंज, म्हणजे काळ्या-पांढऱ्यासाठी धरलेले आकडे, तपासा. एक 16-235वर आणि दुसरा 0-255वर असेल तर नेमकं हेच होतं, आणि लोक दोन दिवस रंगांशी झगडत बसतात.

फाइल 10 बिटचीच हवी. 8 बिटमध्ये 0 ते 18 टक्क्यांच्या पट्ट्यात जेमतेम चाळीस पायऱ्या येतात, आणि आकाशगंगेच्या उतारावर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात. मूळ प्रत प्रोरेस 422 एचक्यू या संपादनासाठीच्या स्वरूपात: 4के, 25 फ्रेमला सेकंदाला सुमारे 737 मेगाबिट, म्हणजे बारा मिनिटांचे 66 जीबी. वाजवायला 10 बिट एचईव्हीसी (एच.265) या जास्त दाबलेल्या स्वरूपात, सेकंदाला 60 ते 80 मेगाबिट. एन्कोडिंगआधी अगदी बारीक फिल्म ग्रेन घाला, पट्टे मोडतात. एच.264 वापरण्याशिवाय इलाज नसेल तर एक्स264 या एन्कोडरमध्ये एक्यू मोड 3 ठेवा, तो अंधाऱ्या भागाला जास्त बिट देतो.

महाराष्ट्रात बसून सराव करायचा तर मेच्या मध्यात रात्री पावणेबाराच्या सुमारास मित्र तारा दक्षिणेला सर्वांत वर असतो: मुंबईहून 10 अंशांवर, गोव्याहून 14. लामाचं डोकं धुरळ्यात बुडतं, पण वृश्चिकाकडचं अंग कोकणातल्या अंधाऱ्या किनाऱ्यावरून दिसतं. डोळ्यांनी एकदा तरी बघा. तो काळा किती मऊ आहे हे पडद्यावरून कळत नाही.

रंग मी एकाच ठिकाणी वापरेन. त्याच हस्तलिखितात याकाना झऱ्यावर पाणी प्यायला उतरते आणि एका नशीबवान माणसावर तिची लोकर पडते. उजाडल्यावर तो बघतो तर लोकर निळी, पांढरी, काळी, तपकिरी, सगळ्या रंगांची. त्याच्याकडे एकही लामा नव्हती; तो एक नर-मादी विकत घेतो, आणि त्या जोडीचे दोन-तीन हजार होतात. बारा मिनिटं काळ्या-करड्यात गेल्यावर शेवटी खऱ्या लोकरीचा एकच निकट शॉट, बाजूने येणाऱ्या मंद प्रकाशात, धागा न् धागा दिसेल असा, जेमतेम आठ सेकंद. त्याचं तेजही 20 टक्क्यांवर जाऊ देऊ नका, नाहीतर प्रेक्षकाचा अंधार मोडतो.

आवाजात बासरी आणि चारांगो टाकायचा मोह आवरा. चारांगो हे छोटं तंतुवाद्य वसाहतकाळातलं आहे. 'सिकू' ही नळ्यांची बासरी सुंदर आहे, इरा आणि आर्का या दोन जोडभागांत सूर वाटलेले असतात आणि दोघे वादक मिळून एक धून पुरी करतात. पण तिचं घर तितिकाका सरोवराभोवतीचं पठार, उआरोचिरी नव्हे. मिस्मिनायमध्ये जमिनीवरची विल्कानोटा नदी ही आकाशातल्या मायुचं प्रतिरूप मानतात, म्हणून पाण्याचाच आवाज घ्या. निवेदन हवं असेल तर केचुआ बोलणाऱ्या व्यक्तीकडूनच, तिचं मानधन आणि फलकावरचं नाव आधी लेखी ठरवून. भाषांतर वेगळ्या कागदावर द्या, पडद्यावर नको, कारण पांढरी अक्षरं काळोख खाऊन टाकतात.

परवानगीचा विचार जिवंत परंपरांसाठी जास्त काटेकोर करा. ॲमेझॉनच्या जंगलातल्या शिपिबो-कोनिबो लोकांची 'केने' नक्षी पेरूने 2008मध्ये राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केली. ती पार्श्वभूमीचा पोत म्हणून उचलायची नसते. आणि मूळ रहिवासी स्वतः कॅमेरा धरून बसले आहेतच: ब्राझीलमध्ये 'व्हिडिओ नास आल्देयास' हा 1986मध्ये सुरू झालेला उपक्रम त्यांना चित्रीकरण शिकवत आला आहे, आणि हुनी कुइन कलाकारांच्या माहकू गटाने 2024च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात मुख्य दालनाची दर्शनी भिंत रंगवली. तुमच्या फलकावर 'प्राचीन, लुप्त संस्कृती' असे शब्द येता कामा नयेत.

राहिला लूपचा सांधा, म्हणजे शेवट पुन्हा सुरुवातीला कसा जोडायचा. लामाचं डोकं क्षितिजाला टेकलं की पाण्याचा आवाज 40 सेकंदांत ओसरत शून्यावर आणा. समुद्र ती पिते आहे, एवढं त्यातून कळतं. मग लोकर, आणि मग 20 सेकंद संपूर्ण अंधार. इथे काळी फ्रेम चालवू नका, कारण तिचा करडा आयत इतक्या वेळ जपलेला काळोख उघडा पाडतो. प्लेअरकडून प्रोजेक्टरला पीजेलिंकने (प्रोजेक्टर नेटवर्कवरून चालवण्याची पद्धत) म्यूटची, म्हणजे चित्र झाकण्याची आज्ञा पाठवा. लेझर मॉडेल असेल तर बहुतेक वेळा प्रकाशच बंद होतो. परत येताना काही यंत्रं दोन-तीन सेकंद घेतात, ते मोजून पहिल्या फ्रेमच्या आधी तेवढी जागा सोडा, म्हणजे संध्याकाळ मधूनच सुरू झाल्यासारखी वाटणार नाही.